एकेचाळीस पावलांवरची टपरी

अर्जदार : प्रस्तुत लेखक. वय पन्नाशीच्या अलीकडे. शिक्षण सातवी पूर्ण. आठवीचा वर्ग पाहिला, परीक्षा पाहिली नाही. व्यवसाय अर्ज, खुलासे, हरकती व स्मरणपत्रे लिहिणे.

गैरअर्जदार : वरीलप्रमाणेच.

घटनास्थळ : भाईंदर पूर्व, नवघरहून खारीगावाकडे जाणाऱ्या रस्त्याची डावी बाजू.

काळ : नव्वदचे दशक निम्मे सरल्यानंतरचा एक हिवाळा. नेमक्या तारखा अर्जदाराच्या वहीत आहेत. मागणी झाल्यास हजर करण्यात येतील.

साक्षीदार : एक, खारीगावच्या वयस्क बाई, तंबाखू विक्रेत्या. दोन, शाळेच्या मुख्याध्यापिका. तीन, टेप घेऊन मोजणीस आलेले निरीक्षक.

नावे मुद्दाम गाळली आहेत. पहिल्या साक्षीदार बाईंना आपले नाव कागदावर चढलेले आवडत नाही. जे नाव कागदावर चढते ते कधी ना कधी नोटिशीवर उतरते, असा त्यांचा अनुभव आहे. त्यांचे गाळून इतरांची ठेवली असती तर तो पंक्तिभेद झाला असता.

आता अर्जदार आणि गैरअर्जदार एकच कसे, हे सविस्तर निवेदन करतो.

ऐंशीचे दशक संपत आले तेव्हा आमच्या भागात मिठागरांच्या आणि शेतांच्या कडेने इमारती उगवू लागल्या. इमारत आली की माणसे येत आणि माणसांच्या मागोमाग पाणी, गटार, रेशनकार्ड व शेजाऱ्याची गॅलरी हे चार विषय येत. या चारही विषयांवर माझे प्रभुत्व होते. मी एक टेबल, एक खुर्ची आणि कार्बन कागदांची चळत घेऊन वॉर्डाच्या कचेरीच्या वाटेवर बसलो. बसायला जागा मिळाली ती एका लाकडी टपरीच्या कुशीत. ताडपत्रीची दोन टोके मागच्या भिंतीला ठोकलेली आणि दोन टोके टपरीच्या खांबांना बांधलेली. म्हणजे माझी सावली निम्मी तिच्या मालकीची होती. गिऱ्हाईक ज्या स्टुलावर बसे तो स्टूलही टपरीचाच.

टपरी मावशींची. गावातल्या जुन्या आगरी घरातल्या. सुटी तंबाखू, तंबाखूच्या पुड्या, चुना, विड्या, सुपारी आणि स्वतःच्या हाताने तव्यावर भाजलेली मिश्री, असा त्यांचा माल. नवरा गेल्यावर हीच टपरी त्यांचे पोट. मी कधी शाळेत शिकवले नाही, तरी त्या मला मास्तर म्हणत. लिहिणारा तो मास्तर, एवढीच त्यांची व्याख्या. मी ती दुरुस्त करण्याची घाई केली नाही.

माझ्या कामाची एक पद्धत होती आणि तिच्यावरच हे सारे प्रकरण उभे आहे, म्हणून ती नोंदवतो. अर्ज पूर्ण झाला की सहीपूर्वी मी तो गिऱ्हाइकास मोठ्याने वाचून दाखवी. ज्याला वाचता येत नाही त्याला आपण कशाखाली अंगठा देतो हे कळले पाहिजे. आणि ज्याला वाचता येते त्याला आपण किती चांगले बोललो हे कळले पाहिजे. परंतु लिहिताना माझ्या खालच्या ओठाआड चिमूटभर तंबाखू असे, आणि तोंडात तंबाखू ठेवून 'महोदय' हा शब्द नीट उच्चारता येत नाही. म्हणून वाचनापूर्वी मी टपरीकडे हात करी, मावशी पाण्याचा तांब्या देत, मी कडेला जाऊन चूळ भरी आणि मग वाचन सुरू होई. इतकी वर्षे हा क्रम चुकला नव्हता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. माझ्या अर्जांना पोच मिळे, शिक्का मिळे, आवक क्रमांक मिळे. त्यापलीकडे काही मिळाल्याचे एकही उदाहरण माझ्या वहीत नव्हते. याबद्दल मला खंत नव्हती. काही होणार नाही, हे पक्के ठाऊक असले की लेखणीला मोकळे रान मिळते. पाण्याच्या नळासाठी मी भगीरथ आणला आहे, गटाराच्या झाकणासाठी पाताळ. अर्ज निकालात निघतील अशी भीती असती, तर मी इतके चांगले लिहू शकलो नसतो.

एके दिवशी सकाळी शाळेच्या बाई आल्या. गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला राहायला आलेल्या, आणि आमच्या रस्त्यावर एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर चार खोल्यांत त्यांनी प्राथमिक शाळा उघडली होती. शाळेच्या मान्यतेचे कागद मीच लिहिले होते. स्टुलावर बसताच त्यांनी पर्समधून तंबाखूची एक रिकामी पुडी काढून टेबलावर ठेवली.

"चौथीतल्या मुलाच्या कंपासपेटीत सापडली. कर्कटक नाही, कोनमापक नाही, आणि ही आहे!"

"अरेरे," मी म्हणालो.

"मी विचारलं, कुठून आणलीस? तर म्हणतो, बाई, समोरून. वर मला विचारतो, तुम्हांला हवी का?"

मी गंभीर राहिलो. धंद्यात ते करावे लागते.

"आता सरकारने कायदा केलाय ना," बाई म्हणाल्या. "शाळेच्या जवळ तंबाखू विकायची नाही. तुम्हांला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हते. तो कायदा होता की आदेश, मुंबईहून निघाला की आणखी कुठून, शाळेपासून किती अंतर, याबद्दल आमच्या रस्त्यावर पुढे प्रत्येकाचे निराळे म्हणणे होते. परंतु अर्ज लिहिणाऱ्याला एखादा कायदा ठाऊक नाही, ही बातमी कायद्यापेक्षा लवकर पसरते. "त्याचाच अभ्यास चालू आहे," असे मी म्हणालो.

अर्जात अंतर हवे, म्हणून मी उठून शाळेच्या फाटकापासून पावले मोजत निघालो. एकेचाळिसाव्या पावलाला माझा हात टपरीच्या फळीवर टेकला.

"काय रं मास्तर, काय मोजतंस?" मावशींनी विचारले.

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

"मोकले कर, मोकले कर. बसून बसून तुजा पोट टेबलाखाली जाया लागलाय."

मी परत येऊन लिहायला बसलो. मन चरकले नाही असे नाही. पण जो माणूस स्टुलावर, त्याची लेखणी, हा आमच्या व्यवसायाचा धर्म. आणि दुसरे असे की माझ्या अर्जाने आजवर गटारावरचे झाकण हलले नव्हते, तेथे टपरी काय हलणार? त्या भरवशावर मी जे लिहिले ते माझ्या आयुष्यातले सर्वोत्कृष्ट लेखन आहे, असे आजही माझे मत आहे. पुड्यांच्या लांब माळा टपरीच्या कपाळावर झुलत असत, त्यांवरून मला वाक्य सुचले, "विद्येच्या उंबरठ्यावर हे विषाचे तोरण कोणी बांधले?" त्याच्या खाली लिहिले, "ज्या कोवळ्या बोटांनी अक्षर गिरवायचे, त्या बोटांना चुन्याचा डाग लागावा काय?" मग सवयीप्रमाणे टपरीकडे हात केला. मावशी तोंडाला फडका बांधून मिश्री भाजत होत्या; तशाच उठल्या, तांब्या दिला, पुन्हा तव्याकडे वळल्या. मी चूळ भरली आणि अर्ज खणखणीत आवाजात वाचला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते माझ्या वाक्यांमुळे की मिश्रीच्या धुरामुळे, याचा मी शोध घेतला नाही.

घरी जेवताना मी हा अर्ज पत्नीस ऐकवला. ती रोज सकाळी मावशींकडची मिश्री दातांना लावते. तिने विचारले, "मग माझी मिश्री कायद्यात येते का?"

"तू शाळेच्या फाटकात बसून लावणार आहेस का?"

"मी नाही. पण मावशी उद्या कुठं बसणार, ते बघा आधी."

"अर्जांनी काही होत नसतं," मी तिला समजावले. असे वाक्य उच्चारण्याची पाळी माझ्यावर यायला नको होती.

नवव्या दिवशी नोटीस आली.

मावशींनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर मी त्यांना प्रथमच बसलेले पाहत होतो. "वाच रं," म्हणाल्या.

मी वाचू लागलो. मजकूर नेहमीचाच होता, सदर टपरी पंधरा दिवसांत हटवावी, अन्यथा कचेरी हटवील, खुलासा असल्यास सादर करावा. पण दुसऱ्या परिच्छेदात ओळखीचे शब्द आले. तेथे लिहिले होते, "विद्येच्या उंबरठ्यावर हे विषाचे तोरण." कचेरीला माझे वाक्य इतके आवडले होते की त्यांनी ते जसेच्या तसे उचलले होते. जन्मात प्रथमच माझे लेखन सरकारी कागदावर छापून आले होते, आणि ते मला मावशींसमोरच वाचायचे होते.

"परत वाच. काय बांधलाय?"

"तोरण."

"इखाचा?"

"विषाचं. हो."

मावशींनी नोटीस हातात घेऊन उलटसुलट केली. "लिवनारा मेला हुशार हाय," म्हणाल्या. "काय रं, तुज्यापरीस हुशार असल?"

"तितकासा नसेल," मी म्हणालो.

"मंग तू त्याच्या वरचा लिव. मना ही टपरी सोडून दुसरा काय येत न्हाय. मासली इकाया पाय ऱ्हायले न्हाय, मिठागरान काम ऱ्हायला न्हाय. आथा काय तो तूच बघ."

त्या दुपारी मी खुलाशाचे तीन मसुदे लिहिले. प्रतिपक्षाचा अर्ज माझ्यासमोर होता आणि त्यात एकही फट नव्हती; मीच ठेवली नव्हती. मावशी म्हातारी आहे, असे लिहिले तर अर्जात आधीच होते, "वयाचा आधार घेऊन दया मागितली जाईल, परंतु..." टपरी जुनी आहे, असे लिहिले तर, "जुनेपणा हा विषाचा परवाना नव्हे." जेथे जेथे मी जाई, तेथे मी आधीच येऊन बसलो होतो. अशा दुष्ट माणसाशी माझी पूर्वी कधी गाठ पडली नव्हती.

अखेरीस वहीत एक आधार सापडला. शाळेच्या मान्यतेचा जो कागद मी लिहिला होता, त्यात पत्त्याच्या ओळीत मीच लिहिले होते, "नवघर रस्ता, तंबाखूच्या टपरीसमोर." त्या वेळी रस्त्याला पाटी नव्हती, इमारतीला नाव नव्हते, टपरी हाच सर्वांचा पत्ता होता. तेव्हा टपरी शाळेसमोर आलेली नसून शाळा टपरीसमोर आली आहे, असे मी नम्रपणे कळविले, आणि निदान कायद्याच्या हद्दीबाहेर पर्यायी जागा मिळावी अशी विनंती केली. मावशींचा अंगठा उठला. चूळ भरण्यास मी या वेळी तांब्या मागितला नाही; त्या दुपारी तंबाखू तोंडात घातलीच नव्हती.

मोजणीच्या दिवशी निरीक्षक आले. तरुण गृहस्थ, खिशात दोन पेने, हातात टेप. बाईही फाटकातून आल्या. निरीक्षकांनी माझा अर्ज एका हातात आणि माझा खुलासा दुसऱ्या हातात धरला, एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले आणि हसू लागले.

"काय मास्तर, तुमची तर कमाल आहे! बॉलिंग पण तुम्हीच करताय, बॅटिंग पण तुम्हीच? दोन्हीकडे अक्षर एकच!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी ताडपत्रीकडे पाहिले. अक्षराचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. मावशींना वाचता येत नाही, एवढ्यावरच मी निर्धास्त होतो. आता त्यांना वाचता येण्याची गरज उरली नव्हती.

"त्याला कशाला हसतंस?" मावशी निरीक्षकांना म्हणाल्या. "मना काय आज कललाय? त्याना लिवला, तवा तोंड खंगालाया पानी कोनी दिला? मीनीच दिला. दोन हातांवर बसून बोंबलून वाचतोय. मंग आयकनार कोन, सायेब?"

"तुम्ही फडका बांधला होता," मी कसेबसे म्हणालो.

"तोंडाला बांधलेला रं. कानाला न्हाय."

"मग मावशी," बाईंनी विचारले, "खुलासा लिहायला पुन्हा यांच्याकडेच कशा गेलात?"

"कोनाकडं जाऊ? जाल्याला गाठ ज्याना मारली, सोडवाया त्यालाच ठाव." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर तू एकदा तोंडानी सांगायला होवा व्हतास. मी नऊ दिस वाट बघली. पाय मोकले करतोय बोलतंस!"

येथे माझ्या बाजूने काही लिहिण्यासारखे नाही.

निरीक्षकांनी माळांबद्दल विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की टपरीच्या कपाळावर नुसते खिळे होते. पुड्यांचे तोरण मावशींनी अर्ज ऐकला त्याच दिवशी उतरवले होते. मी रोज त्याखाली बसत होतो आणि मला ते दिसले नव्हते. वाक्य लिहून झाले की माणसाला वस्तू दिसेनाशी होते.

"बापासाठी पायजे बोलून पोरा नेतात," मावशी बाईंना म्हणाल्या. "बापाला इचाराया मी कवा जाऊ? कंपासान ठेवतात ह्या मना न्हाय ठाव व्हता. पुडी नाय इकली तर मी मरत न्हाय, बाय. सुटा तमाकू मातारी मानसा खातात, त्यांचा काय व्हायचा ता झालाच हाय."

बाईंचा आवाज मऊ झाला. "साहेब, पुड्या नाहीत तर मग..."

"मॅडम, कायद्यात पुडी आणि सुटी असा फरक नाही," निरीक्षक म्हणाले. "शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर. चला मास्तर, टेपचं टोक पकडा."

अशा रीतीने हद्द मोजण्याच्या कामीही माझाच हात लागला. फाटकापासून टेप तीनदा ओढली आणि चौथ्यांदा थोडी. हद्द खारीगावच्या बाजूला एका बुजलेल्या विहिरीच्या काठाशी संपली. निरीक्षकांनी विटेने रेघ मारली. "याच्या पलीकडे ठेवा. माझी हरकत नाही. कागद मागून येईल."

पुढच्या रविवारी गावातले आठ-दहा जण आले. होडी काठावर ओढताना जशी आरोळी देतात तशी देऊन त्यांनी टपरी फळ्यांसकट उचलली. मावशींना बाहेर या म्हटले, तर त्या येईनात. चुन्याची बरणी सांडेल म्हणून ती मांडीत घेऊन आतच बसल्या. "आय, वजन कमी कर गो!" एक जण ओरडला. "तुज्या बापासला पन मीच जड वाटायची, चल उचल," आतून उत्तर आले. त्याआधी ताडपत्रीच्या दोन गाठी सोडाव्या लागल्या. त्या मी सोडल्या. माझी निम्मी सावली खारीच्या दिशेने गेली. स्टूल मात्र मावशींनी मागे ठेवला. "तुज्या गिऱ्हाइकांना बसाया," म्हणाल्या. तांब्या नेला.

कायद्याचा परिणाम कोणावर झाला, असे कोणी विचारल्यास माझी साक्ष अशी आहे. चौथीतल्या मुलाच्या कंपासपेटीत कर्कटक आले, असे बाईंनी मला सांगितले. आणि तंबाखूसाठी भर उन्हात जाऊन-येऊन दीडशेएक मीटर चालावे लागत असल्याने माझे खाणे दिवसातून दोन वेळांवर आले. पोटही टेबलाच्या अलीकडे आले. एवढ्या अंतरावरून मी हात केला तर मावशींना दिसत नाही, असे त्या म्हणतात. दिसते.

परंतु मूळ प्रकरण संपलेले नाही. निरीक्षकांची बदली झाली; कागद मागून आला नाही. अतिक्रमणाची गाडी त्या बाजूला वळली की मावशी चुन्याची बरणी मांडीत घेतात आणि एवढ्या लांबून ओरडतात, "मास्तर, कागूद!" मी माझे टेबल सोडून जातो, विटेची पुसट रेघ दाखवतो, मोजणीला मी स्वतः हजर होतो असे सांगतो. आजवर गाडी परत गेली आहे. दर वेळी जाईलच, असे मी त्यांना लिहून देऊ शकत नाही, आणि त्यांना तेच लिहून हवे आहे.

मी स्मरणपत्रे लिहिली. टपरी हटवा, या अर्जास नऊ दिवसांत यश देणाऱ्या कचेरीकडून, टपरी आहे तेथे असू द्या, या अर्जास चार वर्षांत आवक क्रमांकापलीकडे काही लाभलेले नाही. प्रथम मला वाटले, लेखनात उणीव राहिली असेल. म्हणून या वेळी भगीरथ व पाताळ दोन्ही वगळून, घडले तसे लिहिले आहे. सहीपूर्वी हा मजकूर मी विहिरीपाशी जाऊन, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरून, मावशींसमोर मोठ्याने वाचला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, मला आधी गैरअर्जदार म्हणून लिहावे आणि मग अर्जदार म्हणून. स्थळाअभावी ती करता आली नाही.

तरी विनंती की, उपरोक्त टपरी हद्दीच्या पलीकडे उभी आहे एवढा एक ओळीचा कागद सही-शिक्क्यासह देण्यात यावा. तो अर्जदाराच्या नावे नको. टपरीच्या फळीवर चिकटवता येईल असा द्यावा. आणि कागद देणे शक्य नसल्यास नकार तरी लेखी कळवावा. तो मी त्यांना वाचून दाखवीन, आणि या वेळी आधी तोंडाने सांगेन.

उत्तराच्या प्रतीक्षेत, स्टुलासह, उन्हात,

अर्जदार तथा गैरअर्जदार.